गिरजाचा टीव्ही

जयवंताबाईला सवत होती आणि ती मेलेली होती, हीच खरी अडचण. जिवंत सवतीशी भांडता येतं. तिच्या भाजीत मीठ जास्त पडलं की चार घरी सांगून येता येतं. मेलेली कधी चुकतच नाही. भगवंतरावांची पहिली बायको गिरजा लग्नानंतर दीड वर्षात काविळीनं गेली, आणि वर्ष सरायच्या आत एकोणीस वर्षांच्या जयवंतानं त्याच उंबऱ्यावरचं माप ओलांडलं. या गोष्टीला सदतीस वर्षं झाली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या त्या गावात, किराणा दुकानामागच्या त्या घरात, जयवंताबाई दुसरी म्हणून आली आणि दुसरीच राहिली.

लग्नात सासूनं तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा टाक घातला. सवतीचा टाक. गेलेलीनं त्रास देऊ नये म्हणून दुसरीनं तो गळ्यात वागवायचा असतो. नवं लुगडं नेसायच्या आधी टाकाला लावायचं, सणाचा पहिला घास टाकापुढे ठेवायचा, मग आपण. टाकावर तोंड म्हणजे दोन डोळे आणि एक नाक, कुठल्याही बाईचं चालेल असं. खरा फोटो घरात नव्हता. लग्नात काढलेला एकच होता, तो वाळवीनं खाल्ला होता. त्यामुळे जयवंताबाईला सवत कशी दिसायची तेही ठाऊक नव्हतं, आणि जी दिसत नाही ती आपल्यापेक्षा देखणीच असणार हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही.

भर घालायला सासू होती. "आमची गिरजा होती तवा अंगण असं नसे." "गिरजाची भाकरी म्हंजे चांद, बाई." "गिरजा पहाटे चारले उठे, आवाज नाई करे." मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगाच नाही. जयवंता पहाटे चारला उठायची, अंगण झाडायची, भाकरी थापायची आणि मूग गिळून गप्प बसायची. पुढे सासूही गेली. जयवंताबाईनं तिची सेवा चोख केली, पण शेवटच्या पाण्याच्या वेळी म्हातारीनं हाक मारली ती "गिरजे" अशी. त्या एका हाकेवर जयवंताबाई बारा वर्षं जळत होती.

हे सगळं एका बाजूला आणि टीव्ही एका बाजूला.

टीव्ही गिरजाच्या रुखवतात आला होता, तिच्या माहेराहून, वांकिडीहून. चार लाकडी पायांवर उभी राहणारी मोठी पेटी, समोर दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मिळणारी लाकडी पट्ट्यांची दारं, आणि दारांना चक्क कुलूप. गावातला पहिला टीव्ही. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची तेव्हा ओसरी भरायची, अंगण भरायचं, पोरं चिंचेवर बसायची. बायका लेकरं कडेवर घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "गिरजाबाईच्या टीव्हीवर लागलं का जी?" गिरजाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या चाळीस माणसांना चहा करणारी, त्यांच्या चपला ओलांडत पाणी नेणारी, गेल्यावर शेंगांची टरफलं झाडणारी जयवंताबाई होती. टीव्ही मात्र गिरजाबाईचा.

जयवंताबाईच्या बापानं आंदणात एक पितळी गुंड दिला होता, पाणी भरायचा. तो मुलाच्या, भूषणच्या कॉलेजच्या वेळी मोडीत गेला. तिनंच काढून दिला होता. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हा जयवंताबाईचा गुंड आहे, ठेवा.

टीव्ही बंद पडून वीस वर्षं झाली. आधी आवाज गेला, मग चित्र गेलं, मग आदिलाबादच्या मेकॅनिकनं आत डोकं घातलं आणि बाहेर काढून नुसतं हलवलं. पण भगवंतराव रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याची दारं सरकवायचे, चष्मा पुसायच्या फडक्यानं काच पुसायचे आणि दारं लावून घ्यायचे. दसऱ्याला तराजूला, गल्ल्याला आणि टीव्हीला झेंडू. जयवंताबाई आतून चुलीपाशी बसून हे बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवरा आपल्या अंगाला असा हळू हात कधी लावतो का, हे ती मनात मोजून बघायची आणि उत्तर काही बरं येत नसे. भूषणच्या वेळी बाळंतपणाचा ताप आला होता तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या खऱ्या. पण ते एकदाच.

या वर्षी भूषणनं दुकान वाढवायला काढलं. पुढच्या खोलीची भिंत पाडून शटर बसवायचं, आणि टीव्हीच्या जागी थंड पेयांचा फ्रिज. "बाबा, त्या पेटीचं काय करायचं?" त्यानं विचारलं, आणि जयवंताबाईनं हातातला तवा खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बया घराबाहेर पडायची वेळ आली होती. सुंठीवाचून खोकला जाणार होता. एकदा टीव्ही गेला की घर माझं, भिंत माझी, नवराही निदान उरलेला माझा, असं तिनं मनाशी पक्कं धरलं.

पण खोकला काही इतक्या सहज गेला नाही.

भंगारवाला आला. त्यानं टीव्ही बोटानं वाजवून बघितला आणि भगवंतराव दुकानातून उठून आले. "भंगारात नाई द्यायचा," एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले. मग भूषणनं फोनवर फोटो टाकला. दोन दिवसांनी हैदराबादहून कुणाचा तरी फोन, हिंदीत. त्याच्या हॉटेलात शोभेला ठेवायचा होता. भूषण आईला हरखून सांगायला आला, "आई, लोक याले विंटेज म्हणतेत. मागणी हाये बाप्पा याले!"

"कायची मागणी?"

"जुन्याची. जेवढं जुनं तेवढी किंमत."

जयवंताबाई स्वतः छप्पन्न वर्षांची होती. तिच्या गुडघ्यांना, पाठीला, डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूला कुणी हैदराबादहून फोन केला नव्हता. मेलेल्या बाईच्या बंद टीव्हीला तेवढी मागणी. "देऊन टाक," ती म्हणाली. पण भगवंतरावांनी तेही मोडलं. हॉटेलात लोक त्यावर ग्लास ठेवतील, म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली तरी जयवंताबाईनं भात उतरवला आणि वाढला.

तिसरे आले शाळेतले हर्षदीप सर. शांत माणूस, बोलणं मोजकं. शाळेच्या एका खोलीत ते जुन्या वस्तू जमवत होते: जातं, कंदील, निजामाच्या वेळचं वजनमाप, मुलांना दाखवायला. टीव्ही बघून ते खाली वाकले, दारं सरकवली, खूश झाले. भगवंतरावांचा चेहराही सैल झाला. शाळा म्हणजे चांगलं घर. जयवंताबाईनं स्वतः चहात साखर जास्त टाकली. ठरलंच होतं. तेवढ्यात सर निघता निघता म्हणाले, "काका, पेटीवर देणाऱ्याचं नाव रंगवून घेतो आमी. काय लिहू?"

आणि भगवंतराव जराही न थांबता म्हणाले, "लिवा ना, कैलासवासी गिरजाबाई भगवंतराव यायच्या स्मरणार्थ."

पंख्यावर, बाकावर, पाण्याच्या टाकीवर अशी नावं आपण सगळेच वाचतो. कुणी गेलं की घरचे पंखा देतात आणि नाव फिरत राहतं. जयवंताबाईनं ते नाव डोळ्यांसमोर आणलं, पांढऱ्या रंगात, ठसठशीत. तिची नातवंडं त्याच शाळेत जात होती. ती रोज वाचणार, गिरजाबाई भगवंतराव. टीव्ही घरातून जाईल आणि गिरजा गावभर होईल. तिनं चहाचे कप उचलले आणि तिला वाटलं हे हातातून सोडून द्यावेत, सगळे.

पण बाई हुशार होती. आदळआपट केली असती तर नवऱ्यानं हट्ट धरला असता. ती कप घेऊन आत गेली, तोंड धुतलं, पदर डोक्यावर घेतला आणि बाहेर येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाली, "सर, राग नका धरू. पण हे त्या माउलीचं आंदण हाये. आमच्याकडची रीत अशी, का लेकरूबाळ न होता लेक गेली, तं तिचं आंदण माहेरी वापस धाडतेत. तिची माय हाये अजून. तिले न विचारता कसं देता येईन?"

अशी रीत कुठे असेल-नसेल देव जाणे. आदिलाबाद जिल्ह्यात तरी ती त्या दिवशी, त्या ओसरीवर, जयवंताबाईच्या तोंडून जन्माला आली. पण रीत म्हटलं की आपल्याकडे माणूस गप्प होतो. हर्षदीप सरांनी मान हलवली. भगवंतराव बायकोकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या तोंडून गिरजाबद्दल एवढा आदर ऐकला नव्हता, आणि भोळा माणूस, त्यांना भरून आलं.

वांकिडीला फोन लागला. गिरजाच्या भावाचा मुलगा बोलला, त्यानं फोन आजीकडे नेला. रुक्माबाई, गिरजाची आई, नव्वदीला टेकलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आणा." मग थोड्या वेळानं, "तिलेबी आणा."

ती म्हणजे जयवंताबाई. वांकिडीचं घर तिनं कधी पाहिलं नव्हतं. दुसरी बायको ही पहिलीच्या आईबापाला लेकीच्या जागी असते, ही रीत मात्र खरी. लग्नानंतरच्या दिवाळीला त्यांच्याकडून साडी आली होती, सरकीच्या व्यापाऱ्याबरोबर. 'आमच्या लेकीला' असा निरोप. जयवंतानं गाठोडं न सोडताच त्याच माणसाच्या हाती परत दिलं होतं. पुढच्या दिवाळीला परत आली, परत गेली. असं अकरा वर्षं. कोणाची लेक? मी काय उष्ट्या ताटात जेवायला आले? तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, त्या घराचा उंबरा चढणार नाही. आणि आता स्वतःच काढलेल्या रितीनं तिला तिथे न्यायचं चालवलं होतं. जायला नको म्हणावं तर नवरा एकटा जाणार, गिरजाच्या घरी, गिरजाच्या आईपुढे, गिरजाच्या आठवणी काढत. ते तर मुळीच नको. ती तयार झाली.

गावातल्या दौलतच्या पिकअपमध्ये टीव्ही चढवला. खाली गादी, वर गोधडी, चारी बाजूंनी दोर. दौलत म्हणाला, "काका, बसा समोर, तिघं मावतो." पण भगवंतराव मागे चढले. धक्का बसंल, म्हणाले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस टीव्हीशेजारी मांडी घालून बसला आणि त्यानं पेटीभोवती हात टाकला. केरामेरीचा घाट लागला, वळणावळणानं गाडी हेलकावे खाऊ लागली, आणि समोरच्या आरशात जयवंताबाईला दिसत राहिलं की नवऱ्यानं आता दोन्ही हातांनी टीव्ही छातीशी धरलाय, गाल गोधडीला टेकलाय. दौलतनंही आरशात बघितलं.

"काकाचा लय जीव हाये जी त्याच्यावर," तो म्हणाला.

"समोर पाह्य," जयवंताबाई म्हणाली.

आजच्या दिवसाचाच प्रश्न आहे, तिनं स्वतःला समजावलं. आज ही पेटी त्या घरात उतरवली की संपलं. परतताना गाडीची मागची बाजू रिकामी असेल आणि नवरा माझ्याशेजारी बसलेला असेल.

वांकिडीचं घर बाजाराच्या टोकाला, मागे मिरची आणि वांग्याचा मळा. पडवीत खाटेवर रुक्माबाई बसली होती. अंग वाळलेलं, पण नजर अशी की जयवंताबाईनं पदर सारखा केला. पाया पडायला वाकली तेव्हा हिला म्हणावं तरी काय, तेच तिला सुचेना. मामी म्हणावं, आजी म्हणावं? काहीच म्हटलं नाही. म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला तो लगेच काढून घेतला.

भिंतीवर मोठा सपाट टीव्ही होता, त्यावर तेलुगू बातम्या चालल्या होत्या. नातसुनेनं तो बंद केला. जुना टीव्ही कुठे ठेवायचा यावर घरात जरा कुजबुज झाली. म्हातारीनं काठीनं दाखवलं, खाटेशेजारी, डोक्याकडं. दौलतनं आणि नातवानं तो तिथे मांडला. नातसुनेनं लगेच त्यावर गोळ्यांची डबी, पानाचा डबा आणि पाण्याचा तांब्या ठेवून बघितला, आणि म्हातारीच्या हाताला सगळं बरोबर येत होतं. एवढं होऊनही भगवंतरावांचा हात काही पेटीवरून निघेना. शेवटी नातू त्यांना मिरची बघायला घेऊन गेला, दौलतही गेला, नातसून स्वयंपाकाला लागली. पडवीत दोघीच उरल्या, आणि मध्ये टीव्ही.

म्हातारीनं दार सरकवून बघितलं. अर्ध्यावर अडकलं.

"हे दार तवाच अडकत होतं," ती म्हणाली. "दुकानातच म्हटलं होतं मी, दुसरा घे. नाई. हाच पायजे. मामाच्या पोरीकडं असाच होता ना. दोन दिवस जेवली नाई याच्यासाठी."

"कोण?"

"आमची गिरजी. लय हट्टी पोट्टी."

जयवंताबाईनं कान टवकारले. तिनं आवाज सांभाळून विचारलं, "पण कामाले चांगल्या असतीन. भाकरी लय छान करत, असं सासूबाई सांगत."

"भाकरी?" म्हातारीनं असं पाहिलं की जणू गिरजा आत्ता मागच्या दारानं पळाली. "तिच्या भाकरीचा काठ कवाच शाबूत राह्यला नाई. थापे अन् फाटे. मी म्हणो, सासरी नाव काढशीन तू माझं."

सदतीस वर्षं! जयवंताबाईला वाटलं उठून बेल्याला जावं आणि सासूच्या फोटोपुढे उभं राहून सांगावं, ऐकलं का, काठ फाटायचे, तिची माय सांगतेय. असा आनंद तिला भूषणच्या लग्नातही झाला नव्हता. ती खाटेजवळ सरकली. "अन् उठत लवकर, चारले?"

"सूर्य आंगणात आल्यावर. हाक मारली का उलटी होऊन निजे. भांडे घासायले लावले का बोटं दुखतेत. रागाची तं अशी, एकदा ताट फेकून मारलं भावाले." म्हातारी बोलत होती आणि जयवंताबाई एकेक गोष्ट ओटीत घेत होती. आळशी. हट्टी. तापट. अजून, अजून. मग तिच्या लक्षात आलं की म्हातारी हसत नाहीये, तक्रारही करत नाहीये. ती एकेक खोड अशी हळू काढून दाखवत होती जसं कुणी ट्रंकेतले जुने कपडे काढून दाखवतं. बाहेरच्यांनी गिरजाची देवी केली होती. तिच्या आईपाशी तिची खरी लेक म्हणजे एवढंच उरलं होतं.

आणि जयवंताबाईच्या तोंडून निघून गेलं, "नका जी असं म्हणू. लहान होती. एवढ्या वयात सगळ्याच तशा असतेत."

म्हातारी थांबली. तिनं जयवंताबाईला नीट बघितलं, पायापासून केसापर्यंत.

"साडी काऊन परत धाडत होती?"

उत्तर तयार होतं. घरात शोक होता, सासूला आवडत नव्हतं, काहीही सांगता आलं असतं. पण समोर खोटं बोलायला जागाच नव्हती. "जळत होते मी," जयवंताबाई म्हणाली. "लय जळत होते. हा टीव्हीबी मीच इथं आणला, घरातून जावा म्हून. रीतबीत काई नाई."

"मालूम हाये," म्हातारी म्हणाली. "अशी रीत असती तं मले ठाऊक नसती?"

मग तिनं पानाचा डबा उघडला, परत लावला.

"मीबी जळत होते. तुले पोरगं झालं म्हून सांगत आला कोणी, पेढा दिला. मी गाईपुढं टाकला तो. माझ्या लेकीच्या चुलीपाशी तू, लेकीच्या दारात तू, लेकरू तुझ्या कडेवर. तुझा काय गुन्हा? काईच नाई. तरी जळे. साडी धाडायची ते आमच्या मालकाचा हट्ट. म्हणे नातं तोडू नये. मी घडी घालो, गाठोडं बांधो, अन् मनात म्हणो, नको घेऊ. वापस आली का मले बरं वाटे. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवो."

आत फोडणी पडली, त्याचा वास पडवीत आला. जयवंताबाई जमिनीकडे बघत बसली होती. अकरा साड्या जाताना आणि येताना तिला दिसल्या. दोन बायका एकमेकींचं तोंड न बघता एका मेलेल्या पोरीच्या दोन टोकांना धरून ओढत बसल्या होत्या. तिला रडू आलं नाही, लाज वाटली.

"आज तू वाकली पाया पडाले," म्हातारी म्हणाली, "तुझ्या डोक्यावर हात ठेवला. केस पांढरे झाले तुझे. अन् वाटलं, आमचीचेबी झाले असते."

जयवंताबाईच्या डोक्यातली गिरजा कायम वीस वर्षांची होती, गोरी, न थकणारी. पांढऱ्या केसांची, गुडघे दुखणारी गिरजा तिनं कधी कल्पनेतही पाहिली नव्हती. ती उठली आणि खाटेवर म्हातारीशेजारी बसली.

"माय," ती म्हणाली, "दिसाले कशी होती?"

म्हातारी सांगत गेली. जेवायला हाक येईपर्यंत दोघी तिथेच होत्या, आणि भगवंतराव मळ्यातून आले तेव्हा जयवंताबाईनं त्यांना हातानंच बाहेर थांबा म्हणून खुणावलं.

ऊन उतरायला लागलं तशी गाडी निघाली. नातसुनेनं ओटी भरली, म्हातारी खाटेवरून बघत राहिली. या वेळी भगवंतराव समोर बसले, बायको आणि दौलतच्या मध्ये. गाडीची मागची बाजू रिकामी होती, नवरा शेजारी होता. सगळं तिला हवं होतं तसं झालं होतं.

आसिफाबाद मागे पडल्यावर भगवंतरावांनी विचारलं, "काय बोलून राह्यल्या होत्या इतका वेळ?"

जयवंताबाईनं विचारलं ते वेगळंच. सदतीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं, कारण नवरा फार चांगलं सांगेल अशी तिला भीती होती.

"अवो, गिरजा दिसाले कशी होती?"

भगवंतराव रस्त्याकडे बघत राहिले. गाल खाजवला. "आठवत नाई," म्हणाले.

"खरं सांगा. आता मले राग नाई."

"खरंच सांगून राह्यलो. दीड वर्षाचा संसार, त्यातले सात-आठ महिने माहेरी अन् दवाखान्यात. मी दिवसभर दुकानात, घरात माणसं, तिचा पदर हा असा कपाळापर्यंत. आवाज येतो ध्यानात कवा कवा. तोंड नाई येत."

"मंग रोज फडकं घेऊन पुसत होते ते?"

"टीव्ही होता ना तो," भगवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला. "लय चांगला टीव्ही होता."

जयवंताबाई जन्मभर ज्याच्यासाठी झुरली ते तिला मिळालं. नवऱ्याच्या मनात दुसरी कुणी नव्हती. कधीच नव्हती. तिला हर्ष व्हायला हवा होता, आणि तिच्या छातीत राग भडकला, असा की दौलतनं गाणं बारीक केलं.

"तोंड आठवत नाई? तुमच्या घरात मेली ती पोरगी! तिची माय तिकडं भाकरीचे काठ मोजून राह्यली, अन् तुमाले तोंड आठवत नाई? उद्या मी गेले, तं मले किती दिवस ठेवसान ध्यानात?"

गाडी घाटाला लागली. दोन वळणं गेली.

"तीळ होता तिच्या हनुवटीवर," जयवंताबाई म्हणाली. "डाव्या अंगाले. समोरचा एक दात आडवा होता, म्हून हसताना तोंडावर हात नेत होती. रंग सावळा, माझ्याहून सावळा. केस लय दाट, एका हातात मावत नसत. ठेवा ध्यानात."

"बरं."

"बरं नाई. म्हणून दाखवा."

भगवंतरावांनी दौलतकडे बघितलं. दौलत समोर बघत होता.

"हनुवटीवर तीळ," भगवंतराव हळू म्हणाले. "डाव्या अंगाले. केस दाट. सावळी होती."

"अन् दात?" जयवंताबाईनं विचारलं.